प्रिंटर कसला, इस्त्रीच ती!

शाहपुऱ्यातल्या (आपल्या भोपाळच्या, तलावाकाठच्या) एखाद्या घरात नवा लेझर प्रिंटर आला की पहिल्या आठवड्यात तीनपैकी एक तक्रार ठरलेली. प्रिंट दिली की खोलीतले दिवे डोळा मारतात. किंवा यूपीएस शंख करतो. नाहीतर मशीन ढिम्म. बटण दाबा, पुन्हा दाबा, हूं की चूं नाही. पोरीचं शाळेचं प्रोजेक्ट, समग्र आयडीची प्रत, बाबांचे पेन्शनचे कागद, सगळं अडकून बसतं आणि घरात एकमतानं निकाल लागतो: ‘पीस खराब निघाला.’

पीस बहुतेक वेळा ठणठणीत असतो. आपण त्याला कॉम्प्युटरच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर, कॉम्प्युटरच्या यूपीएसला लावतो, तिथं घोळ होतो. कारण विजेच्या दृष्टीनं हा प्राणी कॉम्प्युटर नाहीच. ही इस्त्री आहे. कागदावर फिरते, एवढंच.

लेझर बिचारा निर्दोष

नावात लेझर असला तरी वीज खाणारा तो नव्हे. घरगुती प्रिंटरमधला लेझर काही मिलिवॉटचा. तो ड्रमवर विद्युतभाराचं अदृश्य चित्र काढतो, टोनर त्या चित्राला चिकटतो आणि तिथून कागदावर उतरतो. टोनर म्हणजे शाई नव्हे, रंगवलेल्या प्लास्टिकची भुकटी. कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचे. इथवर आलेला कागद बाहेर काढून बोट फिरवलं तर अख्खं पान पुसलं जाईल.

मग कागद जातो फ्यूजरमध्ये. दोन रोलर, त्यातला एक २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला. प्लास्टिक वितळतं, कागदाच्या धाग्यात शिरतं आणि अक्षर पक्कं होतं. बिलाचा, दिव्यांच्या मिचकावण्याचा आणि यूपीएसच्या बोंबलण्याचा धनी हा फ्यूजर.

प्रिंटरच्या पाठीवरचं लेबल वाचा. २२०-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ आणि पुढे अँपिअरचा आकडा. छोट्या मशीनवर तो ३-४ च्या घरात असतो. छापताना सरासरी ३०० ते ५०० वॅट आणि हीटर पूर्ण पेटला की क्षणभर ८०० ते १००० पर्यंत. शेजारचा इंकजेट मात्र १०-२० वॅटमध्ये पानं काढतो. त्याच्याकडे तापवायचं असं फारसं काही नसतंच.

यूपीएसचा शंख

कॉम्प्युटरसाठी आणलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसमधून ६०० वॅट निघत नाहीत. साधारण ३६० निघतात. त्यावर मॉनिटर, सीपीयू, राउटर आधीच बसलेले. त्यात प्रिंटरनं हीटर पेटवला की यूपीएस ओव्हरलोड म्हणून किंचाळतो किंवा सगळ्यांनाच घेऊन झोपतो. प्रिंटर आणि यूपीएस बनवणारे दोघंही आपापल्या पुस्तिकेत हेच सांगतात की लेझर प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. ती पुस्तिका आपण खोक्यातच ठेवतो, खोकं माळ्यावर जातं.

घरच्या इन्व्हर्टरचं गणित याहून गमतीचं. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर ८०० वॅटचा हीटर चालवायचा, तर वाटेतला तोटा धरून बॅटरीतून ७०-८० अँपिअर ओढावे लागतात. दोन पंखे नि चार दिवे यांच्या हिशेबानं घेतलेल्या मशीनला हा धक्का मोठा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर आणखी एक भानगड. बऱ्याच प्रिंटरमध्ये हीटरची ये-जा विजेच्या लहरीच्या शून्य बिंदूवर बेतलेली असते. चौकोनी लहर आली की त्या सर्किटचा अंदाज चुकतो. मग गुणगुण, विचित्र एरर, कधी नुसतं मौन.

बऱ्याच इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक बारकं बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोडचं. यूपीएस मोडमध्ये तो साधारण १८० ते २६० व्होल्टच पसंत करतो. नॉर्मलमध्ये १०० ते २९० पर्यंत चालवून घेतो. कंपनीनुसार आकडे थोडे इकडेतिकडे. मे महिन्यात संध्याकाळी अख्ख्या लाइनीत कूलर नि एसी एकदम चालू झाले आणि व्होल्टेज १८० च्या खाली घसरलं, तर यूपीएस मोडमधला इन्व्हर्टर लाइट असतानाही गुपचूप बॅटरीवर जातो. आपल्याला वाटतं प्रिंटर मेन्सवर चाललाय. तो बॅटरी पीत असतो.

‘मेलेला’ प्रिंटर

आता ढिम्म मशीनकडे. इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी पाच मिनिटं द्या. तसाही तो येऊन पहिलं वाक्य म्हणणार, ‘भैया, लोड ज़्यादा है’, आणि दुसरं, ‘वायरिंग पुरानी है.’ दोन्ही कुठल्याही घराला लागू पडतात.

पहिला संशयित प्रिंटरच्या पाठीत खोचलेली केबल. नव्या मशीनचं ते भोक भलतंच घट्ट असतं. केबल गेली असं वाटतं, पण दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहते आणि संपर्क होत नाही. अंगठ्यानं रेटून बसवा. तरी नाही? बऱ्याच मॉनिटरची नि सीपीयूची केबल हुबेहूब याच आकाराची असते. ती काढून इथं लावा. प्रिंटर जागा झाला तर दोष केबलचा, आणि दुरुस्ती मनीषा मार्केट किंवा बिट्टन मार्केटच्या एका फेरीत आटोपली.

दुसरा संशयित बिलकुल मेलेला नसतो, झोपलेला असतो. युरोपीय संघाच्या नियमानं २०१३ पासून अशा उपकरणांचा स्टँडबायचा खर्च अर्ध्या वॅटवर आला आणि रिकामं बसलेलं उपकरण आपणहून झोपलं पाहिजे अशी अट आली. मशीन साऱ्या जगासाठी एकाच साच्यातून निघतं, म्हणून ब्रसेल्सचा नियम शाहपुऱ्याच्या सी सेक्टरमध्येही पाळला जातो. बऱ्याच मॉडेलमध्ये ‘ऑटो ऑफ’ कारखान्यातूनच चालू असतो. तासा-दोन तासांनी प्रिंटर स्वतःला बंद करतो आणि आपण बंद पडला म्हणून बोंबलतो. सेटिंगमध्ये जाऊन वेळ वाढवता येते.

तिसरी गोष्ट समोरच्या बटणाची. ते जुन्या पंख्याच्या बटणासारखं खटक्याचं नसून नुसता इशारा देणारं असतं. लाइट जाऊन आली की काही मॉडेल आपोआप उठत नाहीत, तुम्ही बटण दाबेपर्यंत वाट पाहतात. ज्या गल्लीत दिवसातून दोनदा लाइट झटका देते, तिथं रोज दोनदा प्रिंटर ‘बिघडतो’ तो असा.

एवढ्यानं जमलं नाही तर भिंतीतला प्लग काढून एखादं मिनिट थांबा. मशीनच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात आणि ते एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेले असतात. पुरवठा गडबडला की हा सप्लाय स्वतःला बंद करून घेतो आणि तो साठा ओसरेपर्यंत मोकळा होत नाही. घाईघाईत बटण खाली-वर करणाऱ्याच्या हाती म्हणून काही लागत नाही. आणि हो, ते ३२५ व्होल्ट प्लग काढल्यावरही काही काळ आत असतात, तेव्हा स्क्रूड्रायव्हर घेऊन शूरपणा नको.

दिवा लागतोय पण मशीन हलत नाही, असं असेल तर झाकण. आत छोटा स्विच असतो. झाकण पूर्ण बसलं नाही की लेझर आणि मोटर सुरूच होत नाही. नव्या मशीनमध्ये बहुधा पॅकिंगची एखादी केशरी पट्टी आत राहिलेली असते.

दिव्यांचा डोळा

प्रिंट देताच दिवे मंद का होतात? काही फ्यूजरमध्ये टंगस्टन तारेचा हॅलोजन दिवा असतो. थंड टंगस्टनचा विजेला होणारा विरोध तापलेल्याच्या एक दशांशाच्या आसपास. म्हणजे पेटण्याच्या पहिल्या क्षणी तो दहापट करंट मागायला बघतो. ही हाव आवरायला सर्किट असतं, तरी थोडा झटका घरच्या वायरिंगला बसतोच. पुढे छापताना हीटर दर काही सेकंदांनी चालू-बंद होतो, त्या तालावर दिवे खालीवर. बऱ्याच छोट्या मशीनमध्ये आता सिरॅमिकची पट्टी आणि पातळ फिल्म असते. ती काही सेकंदांत तापते आणि काम झालं की गार होते.

या मिचकावण्यावर आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१०००-३-३. एखादं उपकरण दिव्यांना किती छळू शकतं याची मर्यादा त्यात आहे. माणसाला किती त्रास होतो हे मोजणारा फ्लिकरमीटर बेतलाय तो ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बवर! तो बल्ब आता फारसा दिसत नाही. मोजमाप मात्र अजून त्याच्याच नावानं.

एमसीबी पडत असेल तर तिच्यावरचं अक्षर बघा. ‘बी’ जातीची एमसीबी तिच्या आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला तत्क्षणी पडते, ‘सी’ जातीची ५ ते १० पट झाल्यावर. ६ अँपिअरची ‘बी’ असेल तर १८ अँपिअरचा क्षणिक झटकाही तिला पुरू शकतो. प्रिंटर बदलण्याची गरज नाही. पण एमसीबी बदलायची तर जाणकाराकडूनच, आणि आकडा वाढवून मुळीच नाही. वायर बारीक असताना एमसीबी मोठी बसवणं हा आपल्याकडचा आवडता आत्मघात आहे.

दहा व्होल्ट गेले कुठे?

आता जरा सावकाश, कारण इथे खरा रोग सापडतो. मल्टिमीटर घ्या, शेजारच्या काकांकडे असतोच. प्रिंटर ज्या बोर्डावर आहे त्याच्याच दुसऱ्या भोकात व्होल्टेज बघा. समजा २२८ आलं. आता प्रिंट सोडा आणि नजर आकड्यावर ठेवा.

दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरपासून २० मीटर लांब गेली असेल, तर ४ अँपिअरला जेमतेम २ व्होल्ट घसरायला हवेत. २२६, २२५. हीटर पेटताच आकडा २१८ वर आपटत असेल तर १० पैकी वायरचे २ वगळून ८ व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. कुणीतरी म्हणजे एखादा ढिला स्क्रू, काजळलेला सॉकेट किंवा स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड. आणि ८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर म्हणजे ३२ वॅट. एवढी उष्णता त्या एका ढिल्या सांध्यात, भिंतीच्या आत, प्लास्टिकच्या मधोमध निर्माण होतेय. सॉकेटची कड पिवळी पडलेली दिसते, प्लगची पिन हाताला गरम लागते, कधी मासळीसारखा वास येतो. प्रिंटरनं तुमच्या घरातला जुना दोष फक्त उघडा पाडला. त्याला शिव्या देण्याऐवजी चहा पाजायला हवा.

त्यातून आपल्या सॉकेटची जात. ६ अँपिअर आणि १६ अँपिअर अशा दोन मापांचे गोल पिनांचे प्लग. वरची अर्थिंगची पिन जाड, म्हणजे ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. आणि लांब, म्हणजे जोडताना सगळ्यात आधी लागावी नि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. इतका विचार करून बनवलेली ती पिन कित्येक घरांत भिंतीमागे कशालाच जोडलेली नसते. मग प्रिंटरच्या धातूच्या भागाला बोट लागलं की झिणझिण्या येतात. शॉर्टसर्किट नसतं ते. गोंगाट गाळणारे बारके कपॅसिटर अर्थिंग नसल्यामुळे बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज सोडतात, करंट अगदी किरकोळ. मशीन नवं असूनही ‘करंट मारतं’ ते यामुळे. उपाय दुकानदाराकडे नाही, अर्थिंगच्या खड्ड्याकडे आहे.

मे महिना, संध्याकाळी सात

हीटरला व्होल्टेजचं भारी वेड. २३० चे २०० झाले तर वाटतं १३ टक्केच कमी. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून हीटरची ताकद एकदम तीन चतुर्थांशावर येते. प्रिंटर वाट बघतो, फ्यूजर वेळेत तापत नाही आणि मशीन हात वर करतं. एचपीच्या मोठ्या लेझरजेटवर याला ठरलेला क्रमांक आहे, ५० नंबरची एरर. ५०.१ म्हणजे फ्यूजर पुरेसा गरम नाही, ५०.२ म्हणजे तापायला उशीर लागला, ५०.३ म्हणजे जास्त तापला. आधी एक्स्टेन्शन नि यूपीएस काढून थेट भिंतीला लावा, हा त्यावरचा पहिला उतारा.

पण व्होल्टेज कमी असण्यापेक्षा भयंकर आहे न्यूट्रल तुटणं. आपल्या घरी एक फेज येतो, गल्लीत तीन. सामाईक न्यूट्रल सुटला तर कुणाच्या घरात व्होल्टेज पार खाली जातं, तर कुणाच्या घरात थेट ४०० कडे धावतं. खूण एकच: काही दिवे अचानक झगझगीत, काही मिणमिणते. असं दिसलं की प्रिंटरचं कोडं सोडा, मेन स्विच पाडा आणि १९१२ फिरवा. वीज कंपनीचा हा तक्रार क्रमांक आहे.

भोपाळकरांनी वीज कुणाला शिकवावी

शाहपुऱ्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला गोविंदपुरा-पिपलानीकडे गेलात तर भेलचा, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा, कारखाना लागतो. भोपाळ राजधानी झालं १९५६ मध्ये आणि हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली. ब्रिटनच्या एईआय कंपनीच्या सहकार्यानं उभा राहिलेला हा कारखाना १९७४ मध्ये भेलमध्ये विलीन झाला. प्रचंड ट्रान्सफॉर्मर आणि जलविद्युत टर्बाइन इथं बनतात. आणि याच शहरात आपण दीडशे रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन प्रिंटरला दोष देतो.

आणखी एक. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत काळोखात गेला. दुसऱ्या दिवशी तर साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. मानवी इतिहासातल्या सर्वांत मोठ्या ब्लॅकआउटपैकी एक. दोन्ही दिवस सुरुवात झाली ती मध्य प्रदेशातल्या ४०० केव्हीच्या बीना-ग्वाल्हेर लाइनपासून. बीना भोपाळपासून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर. पण भोपाळ पश्चिम ग्रिडमध्ये, आणि ती ग्रिड वाचली. पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१३ ला, ७६५ केव्हीची रायचूर-सोलापूर लाइन जोडली गेली आणि दक्षिणेसकट अख्खा देश एका तालावर, ५० हर्ट्झवर आला. तेव्हापासून शाहपुऱ्यातल्या प्रिंटरचा हीटर आणि चेन्नईतला मिक्सर एकाच लयीत चालतात, आणि ते सांधण्याचा मान सोलापूरकडे.

आग विझवायचं यंत्र सोबत

फ्यूजरच्या उष्णतेचं हे लफडं या छपाईच्या जन्मापासूनचं. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसननं गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालानं घासून भारित केली, वर भुकटी भुरभुरली, ती मेणकागदावर घेतली आणि कागद गरम केला. मेण वितळलं, अक्षरं टिकली. २१ वर्षांनी, १९५९ मध्ये, झेरॉक्स ९१४ हे कॉपियर आलं. कागद आत अडकला की कधी पेटायचा, म्हणून कंपनी सोबत छोटं अग्निशामक द्यायची. नाव काय ठेवलं होतं? ‘स्कॉर्च एलिमिनेटर’! आग हा शब्द उच्चारायचाच नाही, ही विक्री खात्याची हुशारी.

लेझरचा किरण यात आणला झेरॉक्सच्याच गॅरी स्टार्कवेदरनं. १९८४ मध्ये एचपीचा पहिला लेझरजेट आला, मिनिटाला ८ पानं, किंमत ३,४९५ डॉलर.

झोपेचं बिल

मिनिटाला २० पानं आणि ४०० वॅट धरले तर एका पानाला तीन सेकंद. म्हणजे एका युनिटात जवळजवळ ३,००० पानं, तापण्याचा सुरुवातीचा खर्च वगळून. आता दुसरीकडे बघा. झोपेत १ वॅट खाणारा प्रिंटर वर्षभर प्लगमध्ये राहिला तर पावणेनऊ युनिट जातात. तेवढ्यात २६,००० पानं निघाली असती! घरगुती प्रिंटर वर्षात हजार पानं काढतो का, हा प्रश्नच. तेव्हा रात्री भिंतीचं बटण बंद करणारी आजी बरोबर आहे. फक्त मशीनमधला पंखा थांबल्यावर बंद करा, म्हणजे तापलेला फ्यूजर नीट निवतो. वादळी जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण नको, प्लगच काढा.

अमेरिकेहून आलेली भेट

न्यू जर्सीतला भाचा भारतात परत येताना सामानात आपला लेझर प्रिंटर टाकतो. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट कुठेही चालतो, मोबाइलचा चालतो, मग हा का नाही? हीटरमुळेच. लेझर प्रिंटर साधारणपणे दोन वेगळ्या अवतारांत बनतो, ११०-१२७ व्होल्टचा नि २२०-२४० व्होल्टचा. १२० चा हीटर आपल्या २३० ला लावला की साडेतीनपटीहून जास्त ताकद मागतो. बहुधा फ्यूज उडून सुटका होते, नाहीतर धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरनं चालेल, पण हजार वॅटहून जास्त झेपणारा हवा. तो इतका जड नि महाग पडतो की एमपी नगरातून इथलाच नवा प्रिंटर आणलेला परवडतो. उलट दिशेनंही तेच: इथला प्रिंटर तिकडे नेला तर हीटरला पाव ताकद मिळते आणि मशीन पहिल्या पानाआधीच एरर दाखवून बसतं. भाच्याला सांगा, बॅगेत त्याऐवजी दुसरं काहीही चालेल.